चुन्याचा दाणा: कृष्णाकाठच्या एका कुंभारघराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल अशा एकदोन खुणाही बदलल्या आहेत. घर कुंभाराचं. आजोबांच्या काळात बलुतं चालू होतं. सुगीला खळ्यावरून धान्य यायचं आणि त्याच्या बदल्यात वर्षभर गावाला मातीची भांडी जायची. संक्रांतीला सुगडं, आखितीला करा-केळी, बेंदराला बैल, नवरात्रात घट, रोजच्याला गाडगी, येळण्या, परळ. आणि कुणी गेलं की खांद्यावरून न्यायचं मडकंही याच घरातलं. पुढे बलुतं बंद पडलं. स्वयंपाकघरात आधी जर्मनची भांडी आली, मग स्टीलची. आज घर चालतं ते उन्हाळ्यातल्या माठांवर आणि गणपतींवर. थोरला मुलगा गणपती करतो. त्याची शाडू माती गुजरातेतून पोत्यांनी येते, आणि चाकाशी त्याचा संबंध उरलेला नाही.

हे प्रकरण धाकट्या मुलीचं आहे. या घरात बायका माती तुडवतात, गाळतात, काव लावतात, आवा, म्हणजे भांडी भाजायची उघडी भट्टी, रचायला हात लावतात. चाकावर मात्र बसत नाहीत. त्यामुळे कुंभाराच्या घरात जन्मून ती चाक शिकली शहरात, कलाशिक्षणाच्या वर्गात, माझ्यासारख्या शिक्षकांकडून. ही गोष्ट आधी सांगतो आहे, कारण पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. लोक तिला ‘घराण्याची पुढची पिढी’ म्हणतात ते खरंच आहे, पण तिच्या हाताला घराण्याचं वळण लागलेलं नव्हतं. तिला पोर्सेलीनची ताटली ओढता यायची. माठ थापता येत नव्हता.

शिक्षण संपवून दोन वर्षं पुण्यात एका स्टुडिओत काम केलं आणि मग ती गावी परतली. मनात चित्र स्पष्ट होतं: आपल्या शेताकडेची माती, आपले आकार, आणि शहरात विकता येईल असा नेटका माल. त्यासाठी तिने विजेची छोटी भट्टी घेतली. थोडे पैसे साठवलेले होते, थोडे आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, नावावरच्या कर्जाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे. पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं, ते आबांनी काढलं. भट्टीची आतली जागा जेमतेम दीड फूट. माठ तिच्यात जातच नाही. म्हणजे काय घडवायचं, ते भट्टीनेच निम्मं ठरवून टाकलं होतं.

पावसाळ्यात काय झालं

पुण्यातल्या एका हॉटेलाकडून मागणी आली: तीनशे दह्याची बोळकी आणि दीडशे ताटल्या, माल जूनच्या आत पोचवायचा, निम्मी रक्कम आगाऊ. घरात एवढी रोकड एकदम कधी आली नव्हती. तिने मला फोन करून विचारलं, ‘तांबडी माती आहे, बिना झिलईची भाजायचीय, किती अंशावर नेऊ?’ मी म्हटलं, ‘१००० वर ने, कणखर होईल.’ वर्गात आम्ही हेच सांगत आलो आहोत. ती माती मी पाहिलेली नव्हती.

माल सुंदर निघाला. रंग विटकरी, आवाज टणक. आबांनी एकेक बोळकं डाव्या हाताच्या बोटांवर तोलून उजव्या हाताच्या नखाने वाजवून बघितलं आणि मान हलवली. आपल्याकडे मडकं कच्चं की पक्कं हे वाजवूनच ठरतं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट कुंभाराच्या प्रत्येक घरात सांगतात. त्या कसोटीला हा माल पहिल्या झटक्यात उतरला. एकशेऐंशी बोळकी आणि साठ ताटल्या मे महिन्यात पुण्याला गेल्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हॉटेलातून फोटो आले. ताटल्यांवर देवीचे वण असावेत तशा खळग्या. कुठे रुपयाएवढी खपली उडालेली, कुठे काठावरून टवका गेलेला. भांडं कुणी आपटलं नव्हतं. रात्री फडताळात ठेवलं, सकाळी ताटलीखाली लाल भुगा. तिने घरी उरलेला माल बघितला, तर पडवीतल्या फळीवरही तेच. काही भांडी तिच्या डोळ्यांदेखत फुटली: हलकासा ‘टक्’ आवाज आणि खपली खाली.

प्रत्येक खळगीच्या तळाशी साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तिने मला फोटो पाठवला. फोटो माझ्यापर्यंत पोचून मी काही बोलण्याआधीच आबांनी नखाने तो ठिपका उकरला, बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

‘चुना हाय की गं,’ ते म्हणाले. ‘पानाचा.’

कारण

आबांच्या जिभेने अचूक सांगितलं होतं. त्या मातीत चुनखडीचे बारीक खडे होते. दख्खनच्या काळ्या-तांबड्या जमिनीत ते जागोजागी सापडतात, नांगराला लागतात, विहीर खणताना थराथराने निघतात. चुनखडी चांगली तापली की तिच्यातला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. शंभर ग्रॅम चुनखडीचा छप्पन ग्रॅम चुना होतो. दिवाळीआधी रंगासाठी कळीचा चुना विरवताना ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको: पाणी पडलं की तो तापतो, फसफसतो, फुगतो. भांड्याच्या भिंतीत अडकलेला दाणाही हेच करतो, फक्त सावकाश. त्याला बादलीभर पाणी लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. फुगायला जागा नसली की तो वरची माती उचलून फेकतो. म्हणून मे महिन्यात काही झालं नाही आणि मृगाचा पाऊस लागल्यावर सगळं सुरू झालं.

खरा प्रश्न वेगळाच होता. हीच माती या घरात तीन पिढ्या वापरात आहे. मग आजवर भांडी का फुटली नाहीत?

यावर आम्ही पडवीत बसून पुष्कळ बोललो. त्यातून जे पुढे आलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. गोवऱ्या, पाचट आणि लाकडाच्या ढलप्यांवर लागणारा उघडा आवा बहुतेक जागी सातशे-आठशे अंशांच्या आसपास राहतो, तोही थोडा वेळ. त्या जाळात मोठा खडा आतपर्यंत भाजतच नाही, बराचसा दगडच राहतो, आणि दगड फुगत नाही. आव्याच्या तळाशी जाळ जास्त असतो. या घरात तळातली भांडी विकायला काढायची नाहीत, कुंड्यांना वापरायची, अशी रीत होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ‘आज्जा म्हणायचा खालचा थर घरातच ठिवायचा,’ एवढंच आबांना ठाऊक. दुसरं म्हणजे माठ घरी नेला की आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, ही आपल्या सगळ्यांच्या घरची सवय. चुना थोडा राहिला असला तरी तो भरपूर पाण्यात एकदम विरतो, मऊ होतो, त्याचा जोर राहत नाही. माठ पुढे कायम ओलाच असतो. कोरडं भांडं फळीवर ठेवून पावसाळ्याची दमट हवा खाऊ घालणं, ही वेळ त्या मातीवर आजवर आलीच नव्हती.

माती तीच राहिली होती. जाळ बदलला, भांड्याचं काम बदललं. आणि ते बदलताना आम्हा दोघांपैकी कुणीही आबांना विचारलं नाही.

पहिला निर्णय: हॉटेलाला काय सांगायचं

फोटो आलेल्या दिवशी हॉटेलाची तक्रार दहा-बारा ताटल्यांपुरती होती. भावाचं म्हणणं सरळ होतं, ‘तेवढ्या बदलून देऊ. बाकीच्या फुटल्या तर बघू.’ त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती. गणपतीच्या व्यवहारात हात तुटला, रंग उडाला तर बदलून देणं हीच रीत आहे. आगाऊ रक्कम भट्टीच्या हप्त्यात आणि विजेच्या जोडणीत गेलेली होती. परत करायची तर आणायची कुठून?

तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी हॉटेलाला फोन करून सगळा माल वापरातून काढायला सांगितलं. कारण तिला पटलेलं होतं आणि मलाही पटलं: जेवणाच्या ताटात मातीची खपली पडली, दाताखाली आली, तर तो बदलून देण्याचा विषय राहत नाही. तिने कारण लपवलं नाही, मातीत चुनखडी होती हे सांगितलं आणि चार हप्त्यांत पैसे परत करण्याचं लिहून दिलं. हॉटेलाने ते मान्य केलं, पण पुढची मागणी दिली नाही. ते गिऱ्हाईक आजतागायत परत आलेलं नाही.

समोरचे पर्याय

मातीचं काय करायचं यावर घरात दोन तट पडले, आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटे. ‘आपली माती सोडायची नाही’ असं मुलगी म्हणत होती. आबा म्हणत होते, बाहेरची आण.

‘आबा, मग त्यात आपलं काय राहिलं?’

‘आपलं काय म्हंजे? माझा बा तीन गावं पालथी घालून माती आणायचा. ह्या शेताची लागली ती धरण झाल्यावर, मळीत जाता येईना म्हणून. माती चांगली ती आपली.’

हे तिला नवीन होतं. ज्या मातीला ती पिढ्यांची समजत होती ती आबांच्या हयातीतली सोय होती. ‘तीन पिढ्या’ हा हिशोब तिचा होता, आबांचा नव्हता.

आम्ही जे पर्याय मांडले ते असे. पहिला, तयार स्टोनवेअर माती विकत घ्यायची. उत्तर प्रदेशातलं खुर्जा, गुजरातेतलं थानगढ इथून सिरॅमिकचा कच्चा माल सगळीकडे जातो. ती माती बाराशे अंशांच्या वर भाजून घट्ट होते, पाणी धरत नाही, ताटलीला उत्तम. पण खर्च जास्त, आणि तिच्या भट्टीला तो जाळ रोज झेपणारा नव्हता.

दुसरा, आपलीच माती जास्त तापवायची, म्हणजे चुना मातीत मुरून जाईल. हा लगेच बाद झाला. लोह आणि चुना दोन्ही असलेली माती अकराशेच्या पुढे वाकते, वितळते. एक तुकडा चाचणीला ठेवला होता, तो गुळाच्या ढेपेसारखा फळीला चिकटला.

तिसरा, मिठाचा. मातीत थोडं मीठ घातलं की चुन्याचा त्रास कमी होतो, हे खाऱ्या पाण्याजवळच्या कुंभारांना पूर्वीपासून माहीत आहे. पण मिठाने तांबड्या भांड्यावर पांढरी झाक येते, आणि विजेच्या भट्टीत त्याची वाफ तारा खाते. हप्ते न फिटलेल्या भट्टीवर हा प्रयोग करायला ती तयार नव्हती, ते बरोबरच होतं.

चौथा, खडे काढायचे. माती पाण्यात कालवून पातळ करायची, गाळायची, नितळू द्यायची. अगदी बारीक झालेली चुनखडी भांड्याला अपाय करत नाही. अपाय करतो तो दाणा.

पाचवा पर्याय बोलून दाखवला भावाने, आणि तोही खरा पर्याय होता: भट्टी विकायची आणि गणपतीच्या रंगकामाला लागायचं. तिने त्याला लगेच नाही म्हटलं नाही. महिनाभर ते दार उघडं ठेवलं.

काय केलं

आधी चाचण्या. जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं ते जुलैत सुरू झालं. बिस्किटाएवढ्या चिपा केल्या: काही न गाळलेल्या मातीच्या, काही घरातल्या जुन्या चाळणीच्या, काही ८० मेशच्या चाळणीतून काढलेल्या. या चाळणीचं भोक साधारण ०.१८ मिलिमीटर असतं. प्रत्येक प्रकार ७००, ८००, ९०० आणि १००० अंशांवर भाजला, मागे खिळ्याने आकडा कोरला.

पण निकालासाठी महिनाभर कोण थांबणार? मी सुचवलं की वाफेवर ठेवू. घरातला एक जुना, हँडल मोडलेला कुकर काढला, तळाशी पाणी, वर जाळीवर चिपा, आणि मंद आचेवर दोन तास. काकींना हे काही फारसं रुचलं नाही, कुकर पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही या बोलीवर त्यांनी तो दिला. झाकण काढलं तेव्हा न गाळलेल्या ९०० च्या चिपांची चाळण झालेली होती. ७०० च्या चिपा शाबूत, पण नखाने ओरखडा निघत होता आणि पाणी पाझरत होतं. ८० मेशच्या चिपा कुठल्याच आकड्यावर फुटल्या नाहीत.

मग कष्टाचा भाग. माती वाळवून, कुटून, पिंपात भिजवून, काडीने ढवळून ती पाण्यासारखी पातळ करायची, चाळणीतून ओतायची, दोन दिवस नितळू द्यायची, वरचं पाणी काढायचं, मग राखेच्या थरावर कापड पसरून त्यात ती आटवायची. पोतंभर मातीला आठवडा जातो. इतकी बारीक झालेली माती सुकताना जास्त आकसते आणि तडकते. दोन खेपा तशाच गेल्या. त्यावर तोड आबांनी काढली: जुन्या फुटक्या माठांची खापरं कुटून त्यांची भुकटी मातीत घालायची. खापर एकदा भाजलेलं असतं, ते पुन्हा आकसत नाही. शिवाय चाळलेली गाढवाची लीद. आम्ही वर्गात याच कामासाठी पिशवीतून तयार भुकटी विकत घ्यायचो.

दुसरा बदल मालात झाला. ताटल्या तिने आपल्या मातीत करणं थांबवलं. सच्छिद्र भांड्यात आमटी-रस्सा मुरतो, वास धरतो. त्यावर कमी तापमानाची चकचकीत झिलई लावावी, असं एका दुकानदाराने सुचवलं होतं. त्या झिलईत शिसं नाही याची लेखी खात्री तो देईना, तेव्हा तिने तो विषयच संपवला. ताटल्यांसाठी स्टोनवेअर माती थोडी थोडी आणायची, कच्ची भांडी घडवायची आणि वरच्या तापमानाला पुण्याच्या स्टुडिओतल्या भट्टीत भाड्याने भाजून घ्यायची, असं ठरलं. आपल्या मातीत फक्त तीच भांडी, जिथे पाझर हा गुण आहे: दह्याची बोळकी, पाण्याचे छोटे घट, विरजणाची गाडगी. मातीचं बोळकं दह्यातलं पाणी ओढतं आणि दही घट्ट लागतं, ते त्या न चकाकणाऱ्या भिंतीमुळेच.

तिसरा बदल कुणी ठरवला नव्हता. चाचण्यांच्या दिवसांत ती रोज आबांच्या शेजारी बसायची. एकदा त्यांनी चाकावरून उतरवलेला जाड बुडाचा घट तिच्या मांडीवर ठेवला, डाव्या हातात दगडी गुंडा दिला, उजव्यात थापटणं. गुंडा आतून, थापटणं बाहेरून, दोन्हींच्या मध्ये माती. एक ठोका चुकला की भिंत पातळ होते, दोन चुकले की भोक. माठ असाच मोठा होतो, चाकावर नव्हे. पहिले अकरा घट तिने फोडले. बाराव्याला आबा उठून आत गेले, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे तो पहिला घट आहे जो तिने एकटीने बंद केला.

परिणाम

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. हॉटेलाचे पैसे चारऐवजी सहा हप्त्यांत फिटले, त्यासाठी तिने दोन महिने भावाकडे गणपतींचे डोळे रेखले. गाळलेल्या मातीचं बोळकं पूर्वीपेक्षा महाग पडतं, आणि आठवडेबाजारात ते त्या दराने कुणी घेत नाही. ती बोळकी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत जातात. गावाला लागणारी सुगडं, पणत्या, घट आजही आव्यातच भाजले जातात, न गाळलेल्या मातीचे, जुन्याच दराने. एका घरात दोन माती आणि दोन जाळ चालू आहेत. मला ही तडजोड वाटत नाही. प्रत्येक भांडं त्याला पेलेल त्या जाळात जातं, एवढंच.

पुढचा पूर्ण पावसाळा गाळलेल्या मातीची चाळीस बोळकी पडवीत उघडी ठेवली होती. एकही फुटलं नाही. त्यानंतरच तिने नवी मागणी घेतली, साठ नगांची.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्यापासून सुरुवात करतो. माती न पाहता आकडा सांगणं ही माझी चूक होती. पाठ्यक्रमातला १००० अंश हा पिशवीतून आलेल्या, कारखान्यात धुतलेल्या मातीचा आकडा आहे. शेताच्या बांधावरच्या मातीला तो सरसकट लागू होत नाही. आता कुणीही गावाकडची माती घेऊन आलं की मी आधी वाळल्या ढेकळावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकायला सांगतो, हातमोजे घालून, उघड्यावर. फसफसलं तर चुना आहे. दोन मिनिटांचं काम.

तिच्या बाजूने दोन गोष्टी. नव्या भट्टीतला पहिलाच माल मागणीचा नसावा, आणि मातीच्या भांड्याने एक तरी पावसाळा बघितल्याशिवाय मोठी मागणी घेऊ नये. आगाऊ रक्कम समोर असताना हे किती अवघड असतं ते मला कळतं. निदान वीस नगांचा नमुना आधी देऊन उरलेला माल दिवाळीनंतर, असं तिला म्हणता आलं असतं.

आणि आबांना विचारण्याचं. इथे दोष एकट्या मुलीचा नाही. तळाचा थर विकायचा नाही ही रीत आबांना माहीत होती, पण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. ‘काय येतं?’ असं विचारलं तर ते ‘माठ, रांजण’ म्हणतील. ‘काय करत नाही, आणि कधी करत नाही?’ असं विचारल्यावर मात्र ते तासभर बोलले. अमावस्येला आवा लावत नाहीत. वारा पश्चिमेचा असला तर तोंड फिरवतात. ओढ्याच्या वळणावरची माती उचलत नाहीत, तिथे ‘पांढरी डोळे मारते’ म्हणून. हे शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. पांढरे डोळे म्हणजे चुनखडीचेच खडे.

गेल्या उन्हाळ्यात नव्या मातीची ट्रॉली दारात आली. ट्रॅक्टरवाला फाळका पाडणार, तोच आबांनी त्याला थांबवलं, एक ढेकूळ उचललं, ओसरीवर आणून फोडलं आणि लेकीला हाक मारली, ‘पोरी, ती तुजी बाटली आण.’ तिने थेंब टाकले. दोघंही वाकून बघत होती. ढेकळावर बारीक फेस आला.

आबांनी ट्रॉली परत पाठवली.